एकाच खोलीतले प्रोग्रॅम

मिझुहाशीबाईंनी निरोपाची मिठाई आणली, ती तिसऱ्यांदा. जपानमधल्या तोयामातल्या त्या कामाबोकोच्या, म्हणजे साच्यात घडवलेल्या माशाच्या वड्यांच्या, कारखान्यात रीतच होती. नोकरी सोडणाऱ्याने शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलावर एकेक गोड पुडी ठेवायची. ती ठेवली की झालं, मग कुणी त्याला थांब म्हणत नाही. पहिले दोन्ही खोके बाईंनी घरी नेऊन एकटीने संपवले होते, कारण दोन्ही वेळा विभागप्रमुख इगाराशी ऐनवेळी आडवे आले. "फक्त एक महिना हो!" तिकडे हिमी गावात बाईंची थोरली बहीण खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली. रोज फोनवर तिचं तेच. "तात्सू, येणारेस का मी मेल्यावर?"

अडलं होतं कंपनीच्या जुन्या संगणकापाशी. ऑर्डरी, पाठवणी, पगार, सगळं त्याच्या माथी, आणि त्याचं दुखणंखुपणं कळणाऱ्या बाई एकट्या. आधीच्या लोकांनी सगळे प्रोग्रॅम जणू एकाच खोलीत कोंबलेले. एकाने उघडून ठेवलेली फाइल दुसरा बिनदिक्कत वापरणार. एकाने मान टाकली की बाकीच्यांनाही घेऊन बुडणार. आणि मग धावायचं कुणी? बाईंनी! म्हणून गेली दोन वर्षं त्या एकेका प्रोग्रॅमला स्वतःची खोली करून देत होत्या. पडला तर तेवढाच पडावा, शेजाऱ्याला पत्ताही लागू नये. मग त्यांच्यावाचून कुणाचं अडणार नव्हतं. जीव नुसता शिणून गेला होता.

कुठल्या ऑर्डरीला कुठला साचा घ्यायचा, त्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रॅम तेवढा राहिला होता. शुक्रवारी सकाळी बाईंनी त्यालाही वेगळा काढला. चिठ्ठ्या सुरळीत छापल्या गेल्या, आणि बाईंनी खुर्चीत पाठ टेकली.

चहा अर्धा झाला नाही तोच खाली साचेखान्यातून हायाशिदांचा फोन.

"काय हो बाई, नवरीच्या घरी कमळं पाठवायची?"

"काय म्हणालात?"

"ओतानींकडे उद्या लग्न आहे ना? चिठ्ठीवर कमळ आलंय. एक काढूनही झालं. मुलीकडचे मला साच्यात घालतील की!"

लग्नात वाटायचा कामाबोको म्हणजे लाल मासा, आणि कमळ श्राद्धाला. तोयामात हे शेंबडं पोरही सांगेल. "हात थांबवा, नवी चिठ्ठी देते," एवढंच कसंबसं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. रोज सकाळी सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम मंगलकार्यांची फाइल पुढे करून ठेवायचा, आणि चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम मुकाट्याने तीच वाचायचा. स्वतःहून त्याने कधी मागितलीच नव्हती. शेजारी ठेवतोय, मग मागायचं कशाला? कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असलेले सगळे कधीच निवृत्त झाले. आता मध्ये भिंत आली, तशी त्याने समोर दिसली ती साधी फाइल उचलली. तिच्यात आकार ठरलेला नसला की कमळ.

इगाराशी पाठीशी येऊन उभे राहिले. "परत एकत्र करून टाका ना. पूर्वीसारखं."

"करता येईल. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग झालं तर! पुढे काही अडलंच तर तुम्ही आहातच की."

बाईंचे हात थांबले. तुम्ही आहातच की! उघडून ठेवलेल्या फायलीसारख्या! इतका राग त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता, आणि तो चेहऱ्यावर आणायचंही त्राण नव्हतं.

त्यांनी भिंत काढली नाही. मंगलकार्यांची फाइल आपली आपण मागून उघडायची, असं चिठ्ठ्यांच्या प्रोग्रॅममध्येच लिहिलं. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. पुन्हा चिठ्ठी छापली. ओतानी, लग्न, लाल मासा. खालून हायाशिदांचा फोन आला. "वाचलो बुवा!"

इगाराशींनी घसा खाकरला. "मिझुहाशीबाई, आजचं बघून मला वाटतं, आणखी एक मह..."

बाईंनी खण उघडला, खोक्याची दोरी सोडली आणि पहिली पुडी त्यांच्या टेबलावर, दोन्ही हातांनी, नीट मधोमध ठेवली.

इगाराशींचं वाक्य तिथेच राहिलं. मग त्यांनी मान लववली.

"इतकी वर्षं फार केलंत."

"हो," बाई म्हणाल्या, "फार केलं." आणि खोका घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या.