पेटीत जपलेला पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. डावा, गुडघ्याखालचा. जुना म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, टाच झिजली असेल, कुठे तडा गेला असेल. तसलं काही नाही. मला चार वर्षं झाली आणि माझ्या तळव्यावरचा मापाचा आकडा अजून स्वच्छ वाचता येतो. याची मला लाज वाटते. का वाटते ते सांगतो. मध्ये बोलू नका.

माझा जन्म येमेनमधल्या एका डोंगरी शहरात, कृत्रिम हातपाय बनवण्याच्या केंद्रात झाला. पूर्वी एक पाय बनवायला प्लास्टर, साचा, घासाघीस असे आठ-दहा दिवस जायचे. माझ्या वेळी नवं यंत्र आलं होतं. आम्हाला घडवणाऱ्या उस्ताद हिजामने इस्त्रीएवढं एक यंत्र अफराह नावाच्या मुलीच्या तुटक्या पायाभोवती फिरवलं, संगणकावर तिच्या पायाचं चित्र उमटलं, आणि कोपऱ्यातल्या छपाईच्या यंत्राने वितळलेल्या प्लास्टिकचे थर चढवत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तुटका पाय जिच्यात बसतो ती माझी वाटी तयार केली. खाली नळी, तिच्याखाली रबरी पाऊल. झालो मी.

अफराह नऊ वर्षांची होती. पळालेल्या शेळीमागे धावताना तिचा पाय सुरुंगावर पडला. शेळी वाचली.

उस्ताद हिजामला स्वतःला उजवा पाय नव्हता, आणि जिभेला हाडही नव्हतं. त्याने विचारलं, "रंग कोणता देऊ गं?"

"दुसऱ्या पायासारखा."

"धुतलेल्या की न धुतलेल्या?"

ती खुदकन हसली. तिचे वडील, मुक्बिल, दाराशी उभे होते. त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. पोर दोन महिन्यांनी हसली होती.

मग दोन आठवडे दोन दांड्यांच्या मध्ये आमची चालण्याची तालीम झाली. केंद्रातल्या नजीबाबाई शिकवायच्या. अंगावर डॉक्टरांसारखा पांढरा कोट, हातात छडी नाही, पण आवाज छडीसारखा. "कंबर सरळ! पायाकडे काय बघतेस, तो काही पळून जात नाही!" पहिल्या दिवशी अफराह तीन पावलं चालली आणि घामाने निथळली. चौदाव्या दिवशी तिने अंगणाला फेरी मारली. तेव्हा तिने मनातलं विचारलं.

"बाई, शाळेपर्यंत जाता येईल?"

"कुठे आहे शाळा?"

"ओढ्याचं पात्र ओलांडलं की समोरच्या उतारावर. आत्ता बंद आहे. छप्पर पडलंय."

"उघडली की पळत जा."

मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. नजीबाबाईंनी मुक्बिलना तीन गोष्टी बजावल्या. पाय रोज घालायचा. दिवसातून दोनदा पालथं पडून गुडघा सरळ ताणायचा, त्याच्याखाली उशी घ्यायची नाही. आणि सहा महिन्यांनी परत आणायचं, कारण पोर वाढतं, पाय वाढत नाही. चित्रांचा एक कागदही दिला.

घरी पोचल्यावर मुक्बिलनी गालात तिकडचे पुरुष तरतरीसाठी चघळतात त्या हिरव्या पाल्याचा गोळा धरून बायकोला, वहीबाला, सगळं थोडक्यात उरकलं. "रोज घालायचा. सहा महिन्यांनी न्यायचं. आणि सांभाळ हो, मोडला तर दुसरा मिळेल की नाही, अल्ला जाणे." आठ दिवसांनी ते कामासाठी सरहद्दीपलीकडे गेले. सगळ्यातलं शेवटचं वाक्य तेवढं वहीबाच्या मनात राहिलं.

तिला दोष देऊ नका. ती वाईट आई नव्हती. पाणी वाहून तिचे खांदे सोलवटले होते, तरी पोरीचं जेवण आधी. पहिल्या आठवड्यात मी अफराहसोबत गोठ्यात गेलो, विहिरीच्या दगडी वाटेवर गेलो. मजा येत होती. एकदा आम्ही शेणात घसरलो आणि माझ्या नळीला चिखल लागला. शेजारची जौहरा कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"अगं वहीबा, हा असला पाय उकिरड्यावर फिरवतेस? लग्नाचा दागिना कोणी रोज घालतं का? आणि लोकांची नजर आहे हो. अख्ख्या गावात एकच आहे असा."

वहीबाने त्याच दिवशी मला धुतलं, पुसलं, धुपाची धुरी दिली आणि तिच्या लग्नाच्या पेटीत ठेवलं. चित्रांचा कागदही माझ्यासोबत घडी करून ठेवला, कारण तोही महत्त्वाचा.

"आई, नजीबाबाई म्हणाल्या होत्या, रोज घाल."

"त्या शहरातल्या. त्यांचे रस्ते गुळगुळीत. शाळा उघडली की रोज घाल, तेव्हा कामाला येईल. घरात काय, बसूनच तर असतेस."

मग पोर बसूनच राहिली. पेटीच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं. सुरुवातीला अफराह न चुकता पालथी पडायची. वहीबाला ते बघवेना. आमच्याकडे पालथं झोपणं बरं मानत नाहीत. "उताणी हो बरं, अशी झोपू नये. देवाला आवडत नाही." आणि मायेने तिने पोरीच्या तुटक्या पायाखाली मऊ उशी सरकवली. उशीवर गुडघा वाकूनच राहतो, मित्रांनो. मी पेटीत ओरडत होतो. लाकडी पेटी ती, बाहेर काय ऐकू जाणार!

ईदला मला बाहेर काढलं. तीन दिवस सगळ्या बायकांनी मला हात लावून पाहिलं. "माशाअल्ला, कसा लखलखीत ठेवलाय!" वहीबाच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तेज आलं होतं. मला थोडं घट्ट वाटत होतं, अफराहलाही. पण कौतुकात कोण बोलतं?

सहा महिने झाले तेव्हा लढाईमुळे शहराचा रस्ता बंद होता. पुढल्या ईदला अफराहचा पाय माझ्या वाटीत शिरेना.

"आकसलाय मेला पेटीत," वहीबा म्हणाली. चामड्याची चप्पल आकसते तसा मी आकसलो असं तिला वाटलं. तिने मला आतून तिळाचं तेल चोळलं, दोन दिवस उन्हात ठेवलं. अहो, मी प्लास्टिकचा! आकसलो नव्हतो मी. पोर वाढली होती.

आणि मग शाळा उघडली. छपराच्या जागी पत्रे आले. सकाळी घंटा वाजली, ती आमच्या घरात ऐकू आली. अफराहने केस विंचरले, दप्तर खांद्याला लावलं आणि मला मांडीवर घेतलं. आई ढकलत होती, ती ओठ चावत होती. अर्धामुर्धा शिरला पाय. ती उभी राहिली. तिचा गुडघा वाकलेलाच राहिला, माझी टाच जमिनीला टेकेचना. दोन पावलांवर ती उंबऱ्यात पडली. वाटीची कड कातडीत रुतून रक्त आलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा पडली. ओढ्यापलीकडे मुलांची रांग आत गेली.

रस्ता खुला झाल्यावर वहीबा पाण्याच्या टँकरवाल्याच्या हातापाया पडून पोरीला केंद्रात घेऊन आली. तिने गाठोडं सोडलं आणि मला टेबलावर ठेवलं.

"बघा बाई, एक ओरखडा नाही. पोटच्या पोरासारखा जपला. याला तेवढा मोठा करून द्या."

नजीबाबाईंनी मला पाहिलं, घडी न मोडलेला कागद पाहिला. त्यांनी अफराहला बाकावर झोपवलं आणि गुडघा दाबून पाहिला. तो अर्ध्यावर अडला. जोर दिला तशी अफराह किंचाळली.

"किती दिवस घातला हा?"

"ईदला घालायचो की," वहीबा म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

उस्ताद हिजाम दारात आला. "नवा पाय उद्या सकाळी देतो," तो म्हणाला. मग गुडघ्याकडे बघून म्हणाला, "पण बाई, गुडघा कुठून छापू?"

त्या दिवशी त्याच्या बोलण्यावर कोणी हसलं नाही. वहीबाने दोन्ही हात कपाळावर मारून घेतले. अफराह रडली नाही. तेलाने चकाकणाऱ्या माझ्याकडे बघत ती फक्त म्हणाली, "मी सांगत होते ना, आई."

सहा आठवडे ताणून पाहिलं, जड पिशव्या बांधून पाहिलं. बोटभर फरक पडला आणि थांबला. असा वाकलेला गुडघा असला की नवा पाय घालूनही चालता येत नाही. शस्त्रक्रिया परदेशात होते, तिथल्या यादीत तिचं नाव लिहिलंय. यादी लांब आहे. कुबड्या घेऊन ती घरी गेली. ओढ्याच्या पात्रात सगळे गोटेच गोटे, तिथे कुबड्या चालत नाहीत.

मला नजीबाबाईंनी ठेवून घेतलं. नव्या पायासाठी आलेल्या प्रत्येक आईच्या हातात त्या मला देतात. "किती छान ठेवलाय!" असं सगळ्याजणी म्हणतात. मग बाई त्यांना सगळं सांगतात. मी मेल्याहून मेल्यासारखा होतो.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत, पण विनवतो. तुमच्या घरी कुणाला असा पाय मिळाला, चाकांची खुर्ची मिळाली, कानातलं यंत्र मिळालं, तर ते पाहुण्यांसाठी ठेवू नका. चिखलात जाऊ द्या, आपटू द्या, झिजू द्या. आम्ही मोडलो तर उस्ताद हिजाम एका रात्रीत दुसरा छापतो. अफराह आता तेरा वर्षांची आहे. शाळेची सकाळची घंटा ती घरात बसून ऐकते.