दुसरी यादी

खोलीत तीन खुर्च्या होत्या, एक घड्याळ होतं आणि पुतण्याच्या खिशातून डोकावणारी पाच शब्दांची झेरॉक्स होती. देशाच्या सर्वोच्च पदासाठी उभे राहिलेल्या काकांच्या स्मरणचाचणीची यादी फुटली होती. चाचणी घेणाऱ्या तरुणीला किळस आली.

"ताई, पाचपैकी पाच टाका. नाहीतर इथली नोकरी विसरा," पुतण्या हसत म्हणाला.

"चाचणी खासगी असते. तुम्ही बाहेर बसा."

दार लावून तिने कपाटातली दुसरी यादी वाचून दाखवली: चाक, दोरी, लिंबू, पूल, शाल.

पाच मिनिटांनी तिने ते शब्द विचारले. काकांनी छाती फुगवून घडाघडा म्हटलं, "आरसा, घोडा, मीठ, खिडकी, टोपी! सकाळपासून घोकतोय पोरी, चुकेन होय?"

झेरॉक्सवरचे पाचही शब्द क्रमाने आले होते.

तिने कागदावर लिहिलं: पाचपैकी शून्य.