देवघरातले दुरुस्तीचे पुस्तक

सकाळी आठच्या सुमारास, गोदावरीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, माझे ब्रेक लागले नाहीत. पुढे उसाची बैलगाडी होती. मी तिच्यावर जाऊन आदळले. एका बैलाचा मागचा पाय मोडला. माझी पुढची जाळी आत गेली आणि रेडिएटर फुटला. माझ्यात बसलेल्या मालकाला आणि ड्रायव्हरला मार लागला. साल एकोणीसशे शेहेचाळीस, कोपरगाव तालुका, थंडीचे दिवस.

मित्रांनो, ती मोटार मी. आता जुनी झाले आहे. माझी हकीकत ऐकून कीव करू नका. मला स्वतःला कीव येत नाही, शिसारी येते. ती का येते ते क्रमाने सांगते.

माझे भाग अमेरिकेत घडले आणि मुंबईत जोडले गेले. लांब नाक, चार दारे, अख्खे कुटुंब मावेल अशा गाद्या. माझ्याबरोबर निळ्या पुठ्ठ्याचे एक जाड इंग्रजी पुस्तक आले. ग्रीस कुठे भरायचे, कोणते तेल कशात घालायचे, काय उघडायचे आणि काय उघडायचे नाही, हे सारे त्यात चित्रांसह होते. लढाई सुरू होण्याआधी बागाईतदार आप्पासाहेबांनी मला विकत घेतले. गावातली ती पहिली मोटार.

पहिल्याच खंडेनवमीला नांगर, पहार, कोयते पुजायला मांडले आणि त्यांच्या शेजारी मला उभे केले. माझ्या चाकांवर बकऱ्याच्या रक्ताची बोटे ओढली. नारळ बंपरवर फोडला. त्याचा खळगा आजही आहे. ग्रीस भरायच्या तोंडांवर कुंकू थापले. आप्पासाहेबांच्या पत्नी आक्काबाई यांनी पुस्तकही पुजले. चाकाचे चित्र त्यांना शुभ वाटले, म्हणून तेच पान उघडून त्यावर हळदकुंकू वाहिले, नारळाचे पाणी शिंपडले. मग ओले पुस्तक मिटून लाल फडक्यात बांधले आणि देवघरात ठेवले. ते चाकाचे चित्र ब्रेकच्या प्रकरणातले होते.

रक्त कोणी धुतले नाही. आठवडाभर माश्या घोंगावत होत्या. हाराची फुले जाळीत कुजली. बघायला येणारे बोट फिरवून वाहवा करत आणि माझ्याच पायरीवर तंबाखूची पिंक टाकत. इंजिनातले तेल डांबरासारखे झाले तरी कोणी काडी बुडवून पाहिले नाही. लढाईत पेट्रोलला कुपने आली. मी छपरीत उभी राहिले. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, उंदरांनी तारांचे वेष्टण कुरतडले. त्या वर्षांतही दर खंडेनवमीला मला हार होता, आणि देवघरातल्या गाठोड्याची गाठ न सोडता तिच्यावर कुंकू होते.

यंदा माझी गरज पडली. घरची सून मनकर्णा पोटुशी आहे. मूल आडवे आहे, कळा सुरू होण्याआधी तिला नगरच्या इस्पितळात आणा, नाहीतर दोघांची खात्री देता येणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे. कोपरगावाहून नगरला रेल्वे जाते. पण आप्पासाहेब म्हणाले, "दारात मोटार असताना माझी सून रेल्वेत बसणार न्हाई."

म्हणून इसहाक मिस्त्रीला बोलावले. तो मिशनच्या लॉरीवर काम शिकलेला. त्याने कोंबड्या हाकलल्या, तारा बदलल्या, मला सुरू केले. ब्रेकपाशी मात्र तो थांबला. माझे ब्रेक तेलावर चालतात. तसले आपण कधी उघडले नाहीत आणि त्यांतले तेल आटले आहे, पुस्तक पाहिल्याशिवाय मी त्यात काही ओतणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले.

पुस्तक बाहेर आणायला आक्काबाई तयार नव्हत्या. शेवटी असे ठरले, की मनकर्णाने आंघोळ करून देवघराच्या दाराशी बसायचे, पुस्तक पाटावर ठेवायचे, आणि तिने वाचलेले इसहाकने अंगणातून ऐकायचे. मनकर्णा नगरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकलेली. तिने गाठ सोडली. आतून बुरशीचा वास आला, मुंग्या निघाल्या. इंजिन, गिअर, दिवे ही प्रकरणे तिने अडखळत पण नीट वाचली. ब्रेकची पाने एकमेकांना घट्ट चिकटली होती.

"आत्याबाई, वाफ दिली तर सुटतील," ती म्हणाली.

आक्काबाईंनी नकार दिला. पूजेचे कुंकू वाफेने धुऊन काढायचे, तेही अशा दिवसांत, हे त्यांना अभद्र वाटले. इसहाक खालून म्हणाला, मग मला द्या, मी सोडवतो, पाप लागले तर मला लागेल. देवघरातली वस्तू ख्रिस्ती माणसाच्या हातात देण्याचा प्रश्नच नव्हता.

ड्रायव्हर रंगनाथ हसला. "इसहाकमामा, आंघोळ करून या की."

"आंघोळ करून आलो तरी इसहाकच ऱ्हाईन मी," तो म्हणाला. हत्यारे गोळा करून निघून गेला.

मित्रांनो, त्या चिकटलेल्या पानांत काय आहे ते मला ठाऊक आहे. माझ्या ब्रेकमध्ये रबराच्या वाट्या आहेत. त्यांना इंजिनाचे तेल लागले की त्या फुगतात आणि फाटतात. ब्रेकचे तेल वेगळे असते. पण मला तोंड नाही. रंगनाथने नवे, चांगले, इंजिनाचे तेल ब्रेकमध्ये ओतले. "तेल ते तेल," तो म्हणाला. आप्पासाहेबांनी मान डोलावली आणि लिंबू कापायला सांगितले.

काही दिवस मी थांबत होते. मग रंगनाथच्या पायाखालचा ब्रेकचा दांडा कडक झाला, आणि त्या सकाळी एकाएकी तळापर्यंत गेला.

बैलगाडी कारभारी नावाच्या शेतकऱ्याची. मागे बसलेल्या आप्पासाहेबांकडे त्याने पाहिलेही नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवून त्याने रंगनाथला एवढेच म्हटले, "भोंगा तरी वाजवायचा हुता."

"वाजवला," रंगनाथ म्हणाला. "त्यात बी कुकू भरलंय."

दुसऱ्या एका बैलजोडीनेच मला ओढून घरी आणले. कपाळाला पट्टी बांधलेल्या आप्पासाहेबांनी त्याच दिवशी दोन हुकूम सोडले. पहिला, भटजींकडून शांती करून घ्या, मोटारीला नजर लागली आहे. दुसरा, इसहाकला बोलावून रेडिएटर बसवून घ्या, सुनेला याच मोटारीतून नगरला न्यायचे आहे. ब्रेकचे नाव त्यांनी काढले नाही. भटजी येऊन गेले. माझ्या फुटलेल्या जाळीत पुन्हा झेंडूचा हार आहे. त्याच्यावर आत्ताच माशी बसली आहे.

मित्रांनो, माझी मागणी मोठी नाही. मला हार घालू नका. काडी बुडवून तेल पाहा. चाके धुवा. माझ्याबरोबर आलेले पुस्तक उघडा, त्याला ग्रीसचे डाग पडू द्या, पाने फाटली तर चिकटवा. पुजलेले यंत्र थांबत नाही, दुरुस्त केलेले थांबते. हे तुमच्या घरातल्या कोणाला माझ्यात बसवण्याआधी समजून घ्या.

आज दुपारची हकीकत अशी. इसहाक आला आहे. रेडिएटर बसवून झाला. मनकर्णाने ब्रेकचे विचारल्यावर त्याने नकारार्थी मान हलवली आणि तो अंगणात बसून राहिला. आक्काबाई माळावर देवीला गेल्या आहेत. मनकर्णा देवघरात गेली. दिवस भरत आलेल्या बाईने उंबरा ओलांडून तिथल्या वस्तूंना हात लावायचा नाही, असा या घरचा नियम आहे. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात लाल गाठोडे होते आणि दुसऱ्या हातात वाफाळणारी किटली. जड पावलांनी पायऱ्या उतरून तिने दोन्ही माझ्या पायरीवर ठेवले.

"इसहाकमामा, तुमी पानं सोडवा," ती म्हणाली. "मी वाचते. मला या मोटारीत बसायचंय."

इसहाकने हात धोतराला पुसले. गाठोड्याला अजून लावलेले नाहीत. किटलीची वाफ कमी होत चालली आहे. आप्पासाहेब मळ्यातून घराकडे निघाल्याचे कळते.