जमिनीतला दुखरा सांधा

"जमिनीत पुरलेला सांधा उघडा ठेवायचा नसतो, पोरी. त्याला गुंडाळून निजवायचं, तान्ह्या बाळासारखं. नाहीतर माती कुरतडते त्याला."

वायरमन बापाचा हा आवाज कधीकाळचा! पण लाँड्रीच्या दारातल्या गर्दीत तो आज मास्तरणीच्या कानात भुणभुणत होता. तिचा पाय एका जागी ठरेना. पुढे रांगेत तिची आई उभी होती.

लाँड्रीतल्या धुलाईयंत्राच्या लोखंडी टाकीला हात लावला की अंगात झिणझिण्या येतात आणि दुखरे सांधे मोकळे होतात, असा गावभर बोभाटा झाला होता. हा शोध लावणारा बाबा टाकीशेजारी स्टूल टाकून बसलेला. लोक त्याला झिणझिणेबाबा म्हणत, आणि त्यालाही ते गोड लागे.

"ओले हात, उघडे पाय, शक्ती येते, दुखणं जाय!" असं ओरडत तो फरशीवर बादली उपडी करी.

"तुम्ही नाही का हो हात लावत?" कुणीतरी विचारलं.

"लावतो की!" त्यानं टाकीवर थाप मारली. पायात जाड रबरी तळव्यांचे बूट. "मला ती ओळखते. घरच्या माणसाला कुणी ओरबाडतं का?"

लोक हसले. मास्तरणीला हसू येईना. आज आईला 'महास्पर्श' मिळणार होता: दोन्ही हात टाकीला, बाबा पुरे म्हणेपर्यंत. आणि आईचं हृदय आधीच नाजूक.

"आई, घरी चल."

"गप गं. लोक बघतायत."

"बघू देत! काही झालं म्हणजे?"

"ओ मास्तरीणबाई, रांग अडवू नका," मागून एक बाई कडाडली. "शिकलं की आईचंही बरं बघवत नाही का?"

मास्तरणीनं पर्समधून बापाचा जुना टेस्टर काढला आणि टाकीला टेकवला. आतला दिवा लाल पेटला. बाबा टुणकन उठला. "बघा, बघा! ज्योत प्रकटली!"

लोकांनी हात जोडले. हे तर उलटंच झालं! ती लाँड्रीवाल्या काकांकडे वळली.

"काका, मेन स्विच बंद करा."

"अगं, आत कपडे भिजतायत."

"आत कपडे आहेत, रांगेत माझी आई आहे."

काकांनी खटका ओढला. टेस्टर विझला. रांगेतल्या पहिल्या माणसानं भीत भीत टाकी धरली, मग कवटाळलीच.

"काहीच नाही हो!"

"शक्ती रुसली," बाबा म्हणाला.

"लाइट गेली की रुसते आणि आली की प्रसन्न होते, होय?" मास्तरीण म्हणाली. "मग माझी इस्त्रीही जागृतच म्हणायची!"

खसखस पिकली. पण तिला थांबवेना. यंत्रापासून निघालेली अर्थिंगची तार मागच्या अंगणात, साबणाचं पाणी मुरायचं तिथं जमिनीत शिरत होती. ती तिकडे धावली, रांगही मागोमाग आली; तिथलंच खुरपं घेऊन तिनं माती उकरली. तांब्याची तार लोखंडी सळईला नुसती पिळून बांधलेली. जरा ओढताच ती निसटून हातात आली, सळईचा तांबडा गंज सांडत.

"यंत्रातून गळणारी वीज या वाटेनं जमिनीत जायला हवी," ती धापा टाकत म्हणाली. "दोन वेगळे धातू ओलीत टेकले की गंज लवकर चढतो; इथं तर कायमची ओल, सांध्यावर ना ग्रीस ना पट्टी. सांधा गंजला, वाट बंद झाली. मग वीज तुमच्या ओल्या पायांतून उतरायला लागली. दुखरा सांधा हा आहे, तुमचा नव्हे! आधी यंत्रातली विजेची गळती काढा. मग नवा, पक्का जोड द्या, पाणी शिरणार नाही असा गुंडाळा, आणि अधूनमधून तपासा. आणि चमत्कार दिसला ना, तर हात जोडायच्या आधी विचारा, हे कशानं होतंय?"

"पण लोकांना गुण आला ना?" बाबा बाहीनं घाम पुसत ओरडला. "हिच्या आईलाच विचारा की! रोज बरं वाटतं म्हणते!"

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. तिनं पदरानं ओले हात पुसले.

"मला कधीच बरं वाटलं नाही," ती म्हणाली. "सगळ्या बरं वाटतं म्हणायच्या, म्हणून मीही म्हणत गेले. पहिल्या दिवसापासून मला त्या टाकीची भीतीच वाटायची."