पाय म्हणजे सगळा पाय

लोणखेड्याच्या त्या मंगल कार्यालयात आदल्या दिवशी कुणाचं तरी लग्न झालं होतं आणि नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या अजून स्टेजवरच होत्या. मॅनेजरने विचार केला, परदेशातले पाहुणे, त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर कसं बसवायचं? दिलं बसवून तिथेच. एका खुर्चीत उत्तर जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या थॉमसेनबाई, दुसरीत दक्षिणेकडच्या श्वाबेनचे आयझेलेसाहेब. मागे थर्माकोलचं ‘शुभविवाह’, आणि पुढे हे दोघं एकमेकांकडे खांदा करून बसलेले. दोघंही जर्मन, एकाच विमानाने आलेले, आणि सकाळपासून एकमेकांचं एक वाक्य खाली पडू देत नव्हते.

खाली पहिल्या रांगेत काजल बसली होती. बसली होती असं आपलं म्हणायचं. टाचा जमिनीला लागत नव्हत्या, ओढणीचं टोक चावून चावून ओलं झालं होतं आणि बोटं मोडायला आता एकही शिल्लक नव्हतं. शेजारी नवापूरची निर्मला निवांत फुटाणे खात होती. काजलला तिचा इतका राग आला की फुटाण्यांची पुडी हिसकावून घ्यावी.

काजल चुडामण पाटील, गाव म्हसावद, शिक्षण नर्सिंग, नोकरी पुण्याला. जर्मनीला नर्सेस पाहिजेत म्हणून हे दोघं मुलाखती घ्यायला आले होते. बाईंना त्यांच्या हॅम्बुर्गच्या मोठ्या हॉस्पिटलसाठी मुली हव्या होत्या, साहेबांना त्यांच्या गावातल्या वृद्धाश्रमासाठी. पसंती मुलींनी सांगायची, पण निवड दोघांचा होकार पडला तरच. एकाने नाही म्हटलं की संपलं, परत पुणे.

आणि पुण्याला परत जायचं नव्हतं हो तिला! तिथे वॉर्डात एकदा घाईघाईत तिच्या तोंडून निघून गेलं, “सर, पेशंटले ताप शे.” म्हणजे ताप आहे. झालं. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं शेबाई. “शेबाई, चहा शे का?” “शेबाई, सुट्टी शे का?” हसणारे काही वाईट नव्हते, डबाही वाटून खायचे. पण रोज हसायचे. तिने मग आपली जीभ अशी काही घासली की ‘आहे’ म्हणताना स्वतःलाच कुणी परकी बाई बोलतेय असं वाटायचं. एकदा बापूंचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला. “काय करी ऱ्हायनी व माय?” काय करतेस, एवढंच विचारलं बिचाऱ्यांनी, आवाज नेहमीसारखा शेताच्या ह्या टोकावरून त्या टोकाला जाईल असा. समोर सगळ्या जणी बसलेल्या. काजल फणकारली, “बापू, नीट बोला ना, इथे ऐकतात सगळे!” बापूंनी ऐकलं. तेव्हापासून ते मुलीशी तलाठ्याशी बोलावं तसं बोलायला लागले. “जेवण झाले का? तब्येत ठीक आहे ना?” काजलला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं, पण पुन्हा तोंड उघडून सांगायचा धीरही झाला नाही.

तर तिला हवं होतं हॅम्बुर्ग. जर्मन शिकवणाऱ्या नवनीतसरांनी शहाद्याच्या ऑनलाइन क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “उत्तरेकडची जर्मन एकदम स्वच्छ. आपल्या पुण्याची मराठी समजा. आणि दक्षिणेकडचे ते श्वाब वगैरे, ते म्हणजे...” सर हसले होते. “ते म्हणजे आपण.” सगळा क्लास हसला. काजल हसली नाही. तिने त्याच क्षणी ठरवलं, शिकायची तर स्वच्छ जर्मन, आणि राहायचं तर तिथे, जिथे तोंड उघडलं की कुणी गाव विचारणार नाही.

सकाळी नाश्त्याला सरांनी पाव मागवले होते, तिथूनच वाजलं. पाव हातात घेऊन बाई म्हणाल्या, याला ‘ब्रोट्शन’ म्हणतात. साहेब म्हणाले, छे, याला ‘वेकले’ म्हणतात, बाय उन्स. बाय उन्स म्हणजे आमच्याकडे. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे काय, सगळ्यालाच शेपूट लावता, हे ले आणि ते ले. मग साहेबांनी उरलेला अर्धा पाव कागदी रुमालात गुंडाळून खिशात टाकला, तर बाईंनी नवनीतसरांना खुणेने दाखवलं, “बघा, हा श्वाब. जीव जाईल पण पाव टाकणार नाही. आणि शनिवारी जिन्याला झाडू मारला नाही तर ह्यांना झोप येत नाही.” साहेब गरजले, “आणि हे उत्तरेचे! मासे खाऊन खाऊन रक्त गार झालेलं. हसायचं झालं तर तळघरात जातात, वर कुणी बघेल म्हणून!” बाई खरंच हसल्या नाहीत. “बाय उन्स,” त्या थंडपणे म्हणाल्या, “बोलण्यासारखं असेल तेव्हाच बोलतात.”

नवनीतसर मधल्या मध्ये चहाची किटली धरून उभे. सख्ख्या चुलतभावांचं बांधावरचं भांडण सोडवायला कुणी जात नाही, तसे तेही गेले नाहीत.

“अजून कशाला भांडतायत?” काजल कुजबुजली. “दोघं एकाच देशातले ना?”

“तुम्ही शहाद्याकडचे आम्हा नवापूरवाल्यांना कसं बोलता?” निर्मला फुटाणा मोडत म्हणाली. “तसंच असंल काहीतरी.” आणि तिने पुडी पुढे केली. काजलने दोन फुटाणे घेतले आणि मुठीतच धरून ठेवले. 

गंमत म्हणजे तिला आयझेलेसाहेबांचं बोलणं ऐकू नये असं वाटत होतं, आणि कान मात्र तिकडेच. बिस्ले, हॉयस्ले, वेकले. आणि घरचं माले, तुले, त्याले. त्यांचं आडनावसुद्धा ले! सकाळी गेटवर सोडताना तिने बापूंना नाव सांगितलं, तर ते इतकी घोटीव मराठी विसरून म्हणाले होते, “आयझेले? कोनले?” आणि लगेच जीभ चावून, “म्हणजे, कोणाला?” काजलला हसू आलं होतं, आणि मग उगाच डोळे चुरचुरले होते.

निर्मला स्टेजवर जाऊन आली. तोंडी झालं, प्रात्यक्षिक झालं, दोघांचा होकार. हॅम्बुर्ग! ही बया परत येऊन उरलेले फुटाणे खायला बसली. काजलने ओढणीचं दुसरं टोक चावायला घेतलं.

“काजल पाटील.”

तोंडी परीक्षा छान गेली. खरंच छान गेली. बाईंनी दोनदा मान हलवली, आणि ह्या बाईंनी मान हलवणं म्हणजे दुसऱ्या कुणी फटाके लावणं. काजलच्या टाचा पहिल्यांदा जमिनीला लागल्या. मग प्रात्यक्षिक. त्यात आयझेलेसाहेब पेशंट व्हायचे. स्टेजवरच्या तख्तावर ते आडवे झाले, डोळे मिटले आणि कण्हले, “ओ माय फुआस! माय फुआस!”

आता हे नीट समजून घ्या. साहेबांचं ‘माय फुआस’ म्हणजे माझा ‘फूस’, आणि जर्मनमध्ये ‘फूस’ म्हणजे पाऊल. घोट्याच्या खालचं तेवढंच. घोट्याच्या वरचं ते ‘बाइन’. नवनीतसरांनी हे शंभरदा घोटून घेतलं होतं, कारण आपली मुलं इथेच चुकतात. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द, पाय. काजलला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. पण तो माणूस कण्हला कसा? “ओ माय!” म्हसावदचा कुठलाही म्हातारा खाटेवर पडून कण्हतो तस्सा. काजलच्या डोक्यातलं सगळं जर्मन त्या एका हाकेसरशी पळालं. हात आपोआप पुढे गेले. तिने साहेबांचा पाय मांडीपासून धरला, एकेक ठिकाणी दाबत खाली येऊ लागली आणि विचारलं, “व्हो? व्हो?” म्हणजे कुठे, कुठे दुखतं? गुडघ्याच्या वर दाबलं तसे साहेब ओरडले, “इथंच! शाब्बास!”

“चूक,” थॉमसेनबाई म्हणाल्या.

काजलच्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

“पेशंटने पाऊल सांगितलं. ह्यांनी मांडी तपासली.”

साहेब तख्तावरून ताडकन उठून बसले. “कसली चूक? मला मांडीतच दुखत होतं! बाय उन्स फूस इथपासून इथपर्यंत!” आणि त्यांनी कमरेवर हात मारला तो पंज्यापर्यंत नेला.

“तुमच्याकडे!” बाई म्हणाल्या. “तुमच्याकडे तर पांघरुणालासुद्धा गालिचा म्हणतात. परीक्षा जर्मन भाषेची आहे.”

“आमच्या आश्रमातली नव्वदीची आजी गालिचाच मागेल. तिला थंडीत कुडकुडत आधी शाळेत पाठवू का?”

“आधी तुम्ही जा.”

झालं! फूस बाजूला राहिला आणि कुठल्या कुठल्या जुन्या गोष्टी निघाल्या. कोण कुणाला शेतकरी म्हणालं, कोण कुणाला मासेखाऊ, कुणाच्या आजोबांनी कुणाची नक्कल केली होती. काजल मध्ये उभी. तिला कळत होतं की हे भांडण मिटलं नाही तर एक सही होणार नाही, आणि सही झाली नाही तर तिला उद्या शेबाई होऊन वॉर्डात हजर व्हायचंय. ओरडावं वाटत होतं, अरे माझं काय?

शेवटी बाईंनीच हात वर केला. “एकच विचारते. तुम्हाला हे श्वाबेनच्या बोलीत बोलतायत हे माहीत होतं का? माहीत असेल तर चूक नाही, कौतुकच आहे. दक्षिणेचे पेशंट आमच्याकडेही येतात. मग मी हॅम्बुर्गसाठी आत्ता सही करते.”

साहेब डोळ्यांनी सांगत होते, हो म्हण. मागून नवनीतसर खोकले, हो म्हण. निर्मलासुद्धा फुटाणे खायची थांबली. एक ‘या’, म्हणजे हो, म्हणायचं होतं, एवढुसा शब्द. हॅम्बुर्ग, स्वच्छ भाषा, सगळं त्या एका अक्षरात. काजलने तोंड उघडलं.

“नाइन,” ती म्हणाली. नाही.

का म्हणाली, तिचं तिला कळलं नाही. पण निघालं तोंडून, आणि एकदा निघाल्यावर मग ती थांबली नाही. “नाही माहीत. मला त्यांची बोली येत नाही. पण बाय उन्स...” आयुष्यात पहिल्यांदा ती चारचौघांत हे म्हणत होती. पुण्यात कुणी विचारलं की ती ‘नाशिककडची’ म्हणायची, म्हणजे पुढे प्रश्न येत नसत. “बाय उन्स, आमच्याकडे, पाय म्हणजे सगळा पाय. माझे वडील म्हणतात, मन्हा पाय दुखी ऱ्हायना, म्हणजे माझा पाय दुखतोय. पाय म्हटलं की काही कळत नाही. म्हणून आम्ही आधी विचारतो, कुठे. ते कण्हले आमच्या घरच्यासारखे. मी चुकले.”

“ते वाक्य पुन्हा म्हणा. वडिलांचं.”

“मन्हा पाय दुखी ऱ्हायना.” सगळा हॉल ऐकत होता. कुणीही हसलं नाही.

थॉमसेनबाई हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. ते काजलला कळलं नाही, आणि नवल म्हणजे आयझेलेंनाही नाही. “काय म्हणालात?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला नाही कळायचं. समुद्राकडची बोली आहे. माझी आजी बोलायची.” बाई पाणी प्यायल्या. “आता घरात कुणी बोलत नाही. मीसुद्धा.”

बाई मऊ झाल्या म्हणजे निर्णयही मऊ झाला असं समजू नका. त्या उत्तरेच्या होत्या. “मी होकार देते,” त्या म्हणाल्या. “पण हॅम्बुर्गसाठी नाही. माझ्या वॉर्डात घाई असते, आणि घाईत तुमचे हात घरची भाषा ऐकतात. ह्यांच्याकडे जा. तिथे ती चालेल.” आयझेलेसाहेब असे खूश झाले की त्यांनी खिशातला तो अर्धा पाव काढून काजलच्या हातावर ठेवला.

काजलने “डांके”, धन्यवाद, म्हटलं, स्टेजवरून उतरली, आणि दारापर्यंत पोचता पोचता तिला इतका राग आला की पाव भिंतीवर मारावासा वाटला. हो म्हणाली असती तर! एक अक्षर! आता कुठल्या तरी डोंगराळ गावात जिन्याला झाडू मारत राहायचं, आणि भाषा कुठली, तर जर्मनांनाच कळत नाही ती. इतकं पळून पळून पोचली कुठे, तर तिथल्या म्हसावदला! निर्मलाने मागून हाक मारली, ती थांबली नाही. पळावंसं वाटत होतं आणि पाय तर असे भरून आलेले की पायऱ्या उतरवेनात.

बाहेर निंबाखाली बापू मोटारसायकलला टेकून उभे होते. सकाळपासून तिथेच असणार, सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तिचा चेहरा बघून ते पुढे आले आणि मग मध्येच अवघडून थांबले. शब्द जुळवत म्हणाले, “काय झाले, बेटा? आपली... तुमची निवड झाली का?”

तुमची. पोटच्या पोरीला तुमची.  हे तिनेच त्यांना शिकवलं होतं.

ती तिथेच पायरीवर बसली. हातात तो पाव. एवढ्या वर्षांत गंजलेलं वाक्य, पण आत्ताच दोनदा बोलून झालं होतं, म्हणून सहज आलं.

“बापू,” ती म्हणाली, “मन्हा पाय दुखी ऱ्हायना.”

 बापू निवड विसरले, जर्मनी विसरले, आहे-नाही सगळं विसरले, तिच्यापुढे उकिडवे बसले आणि शेताच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात त्यांनी विचारलं,

“कोठे दुखी ऱ्हायना व माय?”