शनिवारी तापणारी गाडी

काकासाहेबांचा वहीम आधी पाण्यावर गेला, मग मिस्त्रीवर, आणि शेवटी ड्रायव्हर केरबावर येऊन बसला. अँबॅसिडर जुनी होती खरी, पण औरंगपुऱ्यातल्या बियाण्यांच्या दुकानावर जाता-येता तिनं कधी कुरकुर केली नव्हती. तापायची ती शनिवारी. काकासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाई भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघाल्या, की दौलताबादच्या पुढच्या घाटात तिचा जीव वर यायचा. मग केरबा तिला हळूहळू माघारी उतरवायचा आणि किल्ल्याखाली सांडू मिस्त्रीच्या छपरासमोर उभी करायचा. तिथं गार झाली, की मगच पुन्हा घाट आणि दर्शन. सांडू हा केरबाच्या आतेबहिणीचा नवरा, हे परवा दुकानात कुणीतरी सहज बोलून गेलं. मिस्त्रीच्या मजुरीत केरबाचा वाटा, असं काकासाहेबांच्या डोक्यात तेव्हापासून सगळं जुळून बसलं होतं.

या शनिवारी ते स्वतः निघाले. आदल्या संध्याकाळी त्यांनी रेडिएटरमध्ये आपल्या हातानं पाणी भरलं होतं आणि झाकणावर खडूची रेघ मारून ठेवली होती. सकाळी रेघ जिथल्या तिथं होती. त्यामुळं त्यांचा संशय कमी झाला नाही. केरबा ते समजत होते त्यापेक्षा हुशार निघाला, एवढंच.

"आज गाडी तापली ना केरबा, तर किल्ली माझ्या हातावर ठेवायची आन् मुकुंदवाडीची वाट धरायची. कायमची."

केरबानं हातातलं फडकं घडी करून खांद्यावर टाकलं. "व्हय, साहेब." मुकुंदवाडीतल्या त्याच्या घरची चूल त्या किल्लीवरच पेटत होती.

"शनिवारी कुणावर वहीम घेऊ नये," मागच्या सीटवर बसत लक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा कडक उपास होता. पूजेची परडी त्यांनी मांडीवर घेतली.

"मग रविवारी घेतो."

काकासाहेब पुढं बसले. रस्ताभर त्यांनी किल्ला पाहिला नाही की पेरूच्या पाट्या. केरबाचे पाय पाहिले, हात पाहिले. उगाच खालच्या गियरात ओढतोय का, क्लचवर पाय ठेवून चालवतोय का. काहीच सापडत नव्हतं. दौलताबादची वेस मागं पडली, चढ लागला, आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा हलू लागला.

"बघ. आला लाल घराकडं."

"साहेब, म्या काय केलं?"

"तेच बघाया आलोय."

काटा लाल रेघेला टेकला तसा केरबानं गाडी वळवली आणि कुणी काही न सांगता ती सांडूच्या छपराकडं उतरू लागली. काकासाहेबांनी तेही मनात नोंदवलं.

सांडू बाजेवरून उठला. "आज साहेब पन आले का? म्हंजी गाडी लईच आजारी दिसती."

"केरबा, तू लांब उभा राहा," काकासाहेब म्हणाले. "मिस्त्री, जे बघायचं ते माझ्यासमोर."

सांडूनं केरबाकडं पाहिलं. ती नजरही काकासाहेबांच्या हिशोबात जमा झाली. बॉनेट उघडून सांडू थांबला, वाफ बसू दिली. मग फडक्यानं झाकण फिरवलं. पाणी काठोकाठ. पाइप कुठं ओला नव्हता. पंख्याचा पट्टा त्यानं बोटानं दाबून पाहिला, तोही ताणलेला.

"समदं ठीक हाय," तो म्हणाला.

"दर खेपेला ठीकच असतं. आन् दर खेपेला तुझ्याच दारात."

सांडू हसला, पण मनातून दुखावला. "मग तुमच्याच हातानं करा, साहेब. गाडी चालू करतो. तुमचा रुमाल जाळीपुढं धरा आन् सोडा. पंखा वारा वढतो, रुमाल जाळीला चिकटून बसाया पायजे."

काकासाहेबांनी रुमाल धरला आणि सोडला. रुमाल सरळ धुळीत पडला.

"जाड कापड आहे," ते म्हणाले.

सांडूनं वर्तमानपत्राचा तुकडा दिला. तोही पडला. मग त्यानं पान्यानं जाळी मोकळी केली, आत हात घातला आणि मूठभर काहीतरी बाहेर काढलं. वाळून कोळपलेली रुईची पानं, दोऱ्यात गुंतलेली, धूळ बसून दडपलेली. पुन्हा हात घातला. तेच. रेडिएटरच्या अंगावर गोधडी पांघरावी तसा थर.

"वारा जायाचा कुठून? गावात निभावून जातं. घाटात कसं जाईल?"

काकासाहेब वळले. "केरबा. हे कुणी कोंबलं?"

केरबा खाली बघत राहिला. "म्या."

इतक्या सरळ कबुलीची काकासाहेबांना अपेक्षा नव्हती. तरी त्यांनी तळहात पुढं केला. "किल्ली."

केरबानं किल्ली काढली.

"थांब रे," लक्ष्मीबाई गाडीतून उतरल्या. "अहो, ती देवाची माळ आहे. दर शनिवारी पुजारी देतात ती मी गाडीला बांधते. जुनी उतरवताना पायदळी येऊ देऊ नको, असं मीच त्याला बजावलं होतं. पुढं तो ती कुठं ठेवतो, हे मी कधी विचारलंच नाही."

"डिकीत तर पायताणं आन् जॅक," केरबा पुटपुटला. "खाम नदीमदी गटारीचं पानी, तिथं कशी सोडावी? पैठनला जानं झालं, की गंगंत सोडीन म्हनलं. तवर जाळीमागं ऱ्हाऊ द्यावी. पाल्यानं इंजन तापतं, हे कुनाला ठावं? अन् बाईंचं व्रत मधी कशाला आनावं, म्हून बोललो नाय."

"वाऱ्याच्याच पोराची माळ, अन् वारा अडवला," सांडू जाळी बसवता बसवता म्हणाला.

काकासाहेबांचा हात अजून तसाच पुढं होता. लक्ष्मीबाईंनी ते सगळं निर्माल्य परडीतल्या पंच्यात गोळा केलं आणि त्या हातावर ठेवलं.

"धरा. खाली ठेवू नका. उद्या रविवार आहे, आपण पैठणला जाऊ."

"आणि गाडी?"

"केरबा आणेल."

केरबानं किल्ली पुन्हा लावली. घाट चढताना काकासाहेब गाठोडं दोन्ही हातांत धरून बसले होते. घाम आला तरी पुसता येईना. काटा मधल्या रेघेवर थांबला, तिथंच राहिला. वरचं वळण संपेपर्यंत त्यांनी त्याच्यावरची नजर काढली नाही.