‘बघू’वर उभा पूल

मी पूल बोलतोय. जुना, दगडी, तीन कमानींचा. बोलावं की नाही, या विचारातच माझी काही शतकं गेली. आपलं कोण ऐकणार, असं वाटायचं. पण आता आनंद पोटात मावत नाही, म्हणून सांगून टाकतो.

माझा जन्म एका शब्दावर झाला. कमान बांधताना आधी खाली लाकडी सांगाडा उभा करतात, त्यावर दगड रचत नेतात. माथ्यावरचा शेवटचा दगड बसला, की सांगाड्याखालच्या पाचरी ठोकून काढायच्या. मग कमान आपल्या जिवावर उभी! मला बांधणाऱ्यांची एक रीत होती. पाचरी निघताना मुख्य गवंड्याने कमानीखाली उभं राहायचं. माझा गवंडीही राहिला. काठावरून त्याची बायको ओरडली, “अहो, टिकेल ना?”

तो म्हणाला, “बघू.”

झालं! पोराने खेळणं मागितलं की बाप म्हणतो ‘बघू’, आणि पोर काय ते समजतं. मीही समजलो. घडवणाऱ्यालाच माझा भरवसा नाही! तेव्हापासून अंगावरून कुत्रं गेलं तरी धाकधूक.

दिवस मात्र मजेत गेले, खोटं कशाला बोलू? मी अरुंद, एका वेळी एकच गाडी मावेल असा. एकदा दोन गाडीवान बरोबर मध्यावर समोरासमोर आले.

“मागे घे!”

“तू घे! माझे बैल उलटे चालत नाहीत.”

“मालकावर गेलेत वाटतं!”

दोघेही हटेनात. दुपारी एकाची मुलगी भाकरी घेऊन आली, दुसऱ्याचा मुलगा पाणी घेऊन. भांडण संपेपर्यंत त्या दोघांची चांगली ओळख झाली, पुढे लग्नही झालं. गाडीवान व्याही झाले. त्यानंतर ते माझ्यावर भेटले, की “आधी तुम्ही, व्याहीबुवा.” “छे छे, तुम्ही आधी.” त्यांच्या भांडणापेक्षा या मानापानातच रस्ता जास्त तुंबायचा!

मग मोटारी आल्या. खालच्या अंगाला रुंद, सरळ पूल झाला. माझ्यावर गवत वाढलं. एका पुरात मधल्या कमानीचे दगड निखळले, आणि बांधकाम खात्याचे साहेब म्हणाले, “पाडा आणि मोकळे व्हा.” मला आश्चर्य वाटलं नाही. इतकी वर्षं कसा टिकलो, हेच मला कोडं होतं.

पण खात्यातली एक इंजिनियर बाई अडून बसली. “साहेब, कमान पुन्हा रचते. पायी जाणाऱ्यांना हाच पूल जवळचा आहे.”

“आणि आधार काढल्यावर कोसळली तर?”

“तर पाडा. मी चकार शब्द काढणार नाही.”

पुन्हा सांगाडा उभा राहिला. माझेच दगड नदीतून वेचून आणले, एकेक जागेवर बसवला. पाचरी काढायचा दिवस उजाडला. माझी तर पाचावर धारण बसली. साहेब काठावर, सुरक्षित अंतर राखून. बाई डोक्यावर शिरस्त्राण चढवून सरळ माझ्या कमानीखाली जाऊन उभी राहिली. तिची आई डबा घेऊन आली होती. तिने वरूनच हाक दिली, “अगं ए, टिकेल ना?”

बाई म्हणाली, “बघू.”

माझं दगडाचं काळीज लटकन हललं. पुन्हा तेच!

“तुझं ‘बघू’ म्हणजे हो की नाही, ते एकदा सांग बाई!” आई कडाडली.

“आई, ‘बघू’ म्हणजे बघायला मी इथेच आहे. खाली.”

शेवटची पाचर निघाली. मी जरासा खाली बसलो, दगडाला दगड घट्ट भिडला, कुर्रर्र आवाज झाला, आणि बाईच्या डोक्यावर मूठभर चुना पडला. आई किंचाळली. बाई हसत सुटली. मी उभा होतो!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गवंडीही ‘बघू’ म्हणाला होता, पण म्हणताना उभा कुठे होता? माझ्याखाली! शब्द तेवढा मी ऐकला, माणूस पाहिलाच नाही. इतकी शतकं उगाच झुरलो. कदाचित आताही माझं चुकत असेल, पण हे चुकणं मला आवडलंय.

साहेब काठावरून हळूच म्हणाले, “मी वरून एक चक्कर मारू का?”

आई एव्हाना लेकीजवळ कमानीखाली उतरली होती; डबा उघडता उघडता तिने उत्तर दिलं, “मारा की! आम्ही आहोत खाली.”

आता माझ्यावर गाड्या नाहीत. पोरं धावतात, म्हातारी माणसं कठड्याला टेकून गप्पा मारतात, कुणी कुणाशी भांडतही असतं. भांडू द्या. त्यातूनच सोयरिकी जुळतात, हे मला ठाऊक आहे.

तुम्हीही या एकदा. सगळे मिळून आलात तर पेलवेल का, म्हणता?

बघू!